बळकावलेल्या जमिनीचा ताबा कायद्याने परत कसा मिळतो
(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपली जमीन दुसऱ्याने बळाने वा कपटाने घेतली असता ती परत मिळविण्याचा हक्क कायद्याने आपणांस दिलेला आहे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु तो हक्क कोणाच्या दारात मागावयाचा आणि किती दिवसांच्या आत मागावयाचा, हे फार थोड्यांस ठाऊक असते. माझ्या वकिलीचा अनुभव असा की, हक्क नव्हता म्हणून जितके दावे बुडतात त्याहून अधिक दावे उशीर झाला म्हणून बुडतात. म्हणून आज तत्त्वचर्चा बाजूस ठेवून मुदती आणि कागद यांविषयीच मी अधिक बोलणार आहे.

मालकी आणि ताबा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घ्या. समजा, मृगाच्या तोंडावर शेजारच्या धनदांडग्याने तुमच्या शेतात आपला नांगर घातला आणि तुम्हांस बांधावरून हुसकून दिले. अशा वेळी सामान्य माणूस आजोबांच्या नावाचे जुने उतारे शोधण्यात पावसाळा घालवितो. वास्तविक १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम ६ त्याला निराळा आणि जवळचा मार्ग दाखविते. कायदेशीर मार्गावाचून आणि संमतीवाचून ज्याचा ताबा काढून घेतला, त्याने सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा लावावा. तेथे मालकी सिद्ध करावी लागत नाही. ‘मी ताब्यात होतो आणि मला बेकायदा काढले’ एवढेच सिद्ध करावयाचे. प्रतिवादीने आपल्या मालकीचे ढीगभर कागद पुढे केले तरी या दाव्यात त्यांचा उपयोग नाही. निकालावर अपील चालत नाही. मालकीचा वेगळा दावा करण्यास मात्र कोणासही मोकळीक राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताबा गेला असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे दार बंद होते. पक्षकार आमच्याकडे येतात ते बहुधा सातव्या महिन्यात! पंचांनी शब्द दिला होता, सुगी झाल्यावर बसून मिटवू असे ठरले होते, असे ते सांगतात. पंचांच्या शब्दाने मुदत थांबत नाही. आणखी एक मर्यादा: या कलमाखाली सरकारविरुद्ध दावा करता येत नाही.

शेतजमिनीपुरता दुसराही मार्ग आहे, तो १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा. त्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून ताबा परत मागता येतो, वहिवाटीतील अडथळाही काढून घेता येतो. येथेही मुदत सहाच महिन्यांची. हे काम दिवाणी दाव्याहून सुटसुटीत, आणि येथे मिळालेला ताबा दिवाणी न्यायालयाने उलट निर्णय देईपर्यंत टिकतो.

सहा महिने निघून गेले तर सर्वच गेले काय? नाही. मग मालकीच्या आधारे दावा लावावा लागतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील अनुच्छेद ६५ प्रमाणे, समोरच्याचा कब्जा तुमच्या हक्काला प्रतिकूल झाला त्या दिवसापासून बारा वर्षे तुम्हांस आहेत. बारा वर्षे उलटली म्हणजे त्याच कायद्याच्या कलम २७ ने तुमचा दावाच नव्हे, तुमचा हक्कही नष्ट होतो. शिवाय १९ साली, म्हणजे २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल कब्जेदारास स्वतः वादी होऊन त्या कब्ज्याच्या आधारे दावा लावण्याचीही मुभा दिली आहे. तेव्हा ‘सातबारा माझ्या नावचा आहे, जातो कोठे?’ या भरवशावर कोणी झोपू नये. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. ती मालकी निर्माण करीत नाही. तुमच्या नावाची नोंद परभारे उडविली असेल तर महसुली अपील करा. जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर त्याची मुदत साठ दिवसांची आहे.

बळकावणारा खुद्द सरकार असेल तर? हिमाचल प्रदेशात १९६७-६८ साली रस्त्यासाठी एका निरक्षर विधवेची जमीन भूसंपादनावाचून घेतली गेली. खटल्यात सरकारने, आमचा कब्जा प्रतिकूल म्हणून पक्का झाला, असा बचाव केला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला व नुकसानभरपाई देण्यास फर्माविले. कल्याणकारी राज्याने आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर असा हक्क सांगावा, हे न्यायालयास मान्य झाले नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळतो, तो महार वतनाचा. वतनाच्या तुकड्यापायी आपल्या माणसांस गावाची आणि सरकारची राबणूक करावी लागे. त्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले, ते पार पडले नाही. पुढे कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा आला. जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांत वतनजमिनी सरकारजमा होऊन, आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर त्या वतनदारांस पुन्हा द्यावयाच्या, अशी त्याची योजना. ही जमीन नव्या अविभाज्य शर्तीची. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून आणि ठरलेला नजराणा भरल्यावाचून ती विकता येत नाही, अशी कलम ५ ची अट. वतन असतानाच परवानगीवाचून जमीन घेऊन बसलेल्या अनधिकृत धारकास जिल्हाधिकाऱ्याने काढावे, असे कलम ९ सांगते. मात्र त्याने सद्भावाने पैसा गुंतविला असेल व त्यास फार मोठी हानी होणार असेल, तर रक्कम घेऊन जमीन त्यालाच देण्याची सवलतही तेथे आहे, आणि बचावात नेमकी तीच पुढे येते.

येथे एक स्पष्ट इशारा देतो. परवानगीवाचून झालेली विक्री शर्तभंग ठरली म्हणजे जमीन आपोआप विकणाऱ्याच्या घरी येते, अशी समजूत अनेकांची आहे. ती सरकारजमा होण्याचा धोका असतो. म्हणून ‘शर्तभंग झाला’ एवढाच अर्ज ठोकून मोकळे होऊ नका. पुन्हा देण्याचा मूळ हुकूम, त्यावेळचा फेरफार आणि विक्रीची तारीख, हे तिन्ही कागद वकिलापुढे ठेवून मगच पाऊल टाका.

कर्जापोटी खरेदीखत लिहून घेण्याची चाल तर खेडोपाडी आहेच. त्यावर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याच्या कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. सावकाराने मागील पंधरा वर्षांत सावकारीच्या व्यवहारात जमीन घेतली असे चौकशीत ठरल्यास, निबंधक तो दस्त रद्द ठरवून जमीन परत देववू शकतो. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी, साक्षीदार, जे असेल ते जपून ठेवा.

आता फौजदारी बाजू. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ यात २०१५ च्या दुरुस्तीनंतरची कलम ३(१)(फ) व (ग) जमिनीसंबंधी आहेत: बेकायदा कब्जा, वहिवाट, हुसकावणे, पिकाचा नाश, पाण्याच्या हक्कात अडथळा. खोटे रेकॉर्ड करून घेतलेली जमीनही ‘बेकायदा’ या शब्दात येते. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. या कायद्याच्या नियमांतील परिशिष्टाकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यात पीडितास एक लाख रुपयांचे साहाय्य आणि आवश्यक तेथे सरकारी खर्चाने जमीन परत मिळवून देणे, असे दोन्ही सांगितले आहे. फिर्याद देताना या साहाय्याचा लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडेही द्या व पोच घ्या. तथापि, फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावरून जमिनीचा प्रत्येक तंटा अत्याचाराचा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. दिवाणी दावा सोडून केवळ फौजदारीवर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते.

‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हांला हे संरक्षण कसले?’ असा प्रश्न विरुद्ध पक्ष अजूनही करतो. त्यास उत्तर असे: १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आहे. तसेच १९५६ चा हिंदू वारसा कायदा कलम २ प्रमाणे बौद्धांसही लागू आहे. धम्मदीक्षेमुळे वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा गेला, असे चुलत्याने सांगितले तर ते खोटे आहे.

हुकूमनामा हाती आला म्हणजे शेत हाती आले, असेही नव्हे. प्रत्यक्ष ताब्यासाठी दरखास्त लावावी लागते; तिला बारा वर्षांची मुदत आहे. बेलीफ येईल तेव्हा पंच, मोजणीचा नकाशा आणि शक्य तर पोलीस बंदोबस्त यांची सोय आधी करा, आणि कब्जेपावती घेतल्यावाचून बांध सोडू नका. मधल्या वर्षांचे उत्पन्नही मूळ दाव्यातच मागून ठेवावे.

खर्चाची चिंता करणाऱ्यांस सांगतो: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि स्त्रिया यांस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे तालुक्याच्या न्यायालयातच द्यावयाचा असतो. जाताना सातबारा, फेरफार, जातीचा दाखला आणि ताबा गेल्याची नेमकी तारीख एका कागदावर लिहून न्या.