शाई भरलेला पेन



माझ्या टेबलाच्या खणात सत्तावीस पेन आहेत, सगळे शाईचे. त्यातला सगळ्यात दुर्मीळ कोणता, असं कुणी विचारलं की मी वडिलांचा पेन काढतो. काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, क्लिप सैल झालेली, टोपणावर दातांच्या खुणा. वडील अकोला जिल्ह्यात शाळामास्तर होते. तीस वर्षं त्यांनी याच निबेनं हजेरी मांडली, पेपर तपासले. निबेच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो. तो त्यांच्या हाताच्या कलानं डावीकडून झिजला आहे. मी माझ्या सवयीनं पेन धरला तर निब कागद खरवडते. मनगट जरा आत वळवलं, अगदी त्यांच्यासारखं, की शाई अलगद उतरते. असा पेन दुसरा कुठून आणणार?

संग्राहकांच्या जगात दुर्मीळ शब्दाचा अर्थ वेगळा आहे. कंपनी आधीच ठरवते, एवढेच पेन करायचे, आणि प्रत्येकावर त्याचा क्रमांक कोरते. 2009 मध्ये माँ ब्लाँ कंपनीनं गांधीजींच्या नावानं असा पेन काढला. साबरमती ते दांडी हे अंतर 241 मैल, म्हणून पेनही 241. निब 18 कॅरेट सोन्याची, तिच्यावर काठी घेऊन चालणारे गांधीजी. किंमत तेव्हा अकरा लाखांच्या वर होती. गांधीजींच्या नावाच्या अशा वापरावर आक्षेप घेणारं प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि 2010 मध्ये या पेनाची भारतातली विक्री थांबली.

ज्या कारागिरानं ती निब कोरली त्याच्या हाताला माझा नमस्कार. पण गांधीजींचा पेन म्हटलं की मला आपल्या शेजारचं वर्धा आठवतं. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी देशी पेन तयार केला आणि वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचवला. जुलै 1935 मध्ये गांधीजींनी रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं. आपण तो वापरला आहे आणि बाजारातल्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो, असं त्यांनी कळवलं. त्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की त्यांनी पेन आधी वापरला आणि मग अभिप्राय दिला.

क्रमांक कोरलेले दोन पेन माझ्याकडेही आहेत. घेतले त्याच दिवशी त्यांत शाई भरली. क्रमांकाचा पेन कोरा ठेवला तर त्याची किंमत टिकते, हे मला ठाऊक आहे. तरीही निब कशी चालते हे न कळताच पेन पेटीत राहावा, हे मला पटत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाविषयी. अमरावती-अकोल्याचा मे महिना पेनाची परीक्षा पाहतो. पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि ड्रॉपरनं शाई भरायचा पेन खिशात गळू लागतो. याचं कारण साधं आहे. टाकी अर्धी रिकामी झाली की उरलेल्या जागेत हवा असते. ती उन्हानं आणि अंगाच्या उबेनं फुगते आणि शाईला निबेकडे ढकलते. म्हणून उन्हाळ्यात टाकी भरलेली ठेवावी आणि पेन खिशात उभा, निब वर करून असावा. कूलरच्या खिडकीत तर पेन ठेवूच नये. तिथं ऊन आणि ओल दोन्ही असतात, आणि एबोनाइटचा काळा रंग त्या दोघांनी मिळून मातकट होतो.

एकदा मी स्वतः मोठी चूक केली. अमरावतीत राजकमल चौकाजवळ जुन्या सामानात मिळालेला एक सुंदर पेन साफ करायला कढत पाण्यात टाकला. पाच मिनिटांत काळाभोर पेन खाकी पडला. पुष्कळ घासला, पण मूळ रंग आला नाही. आजही तो पेन हातात घेतला की वाईट वाटतं.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरी ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, आजोबांच्या कोटात एखादा जुना शाईपेन असेल. तो भंगारात देऊ नका आणि गरम पाण्यातही घालू नका. बाजूला तरफ असेल तर ती ओढू नका, आतली रबरी पिशवी कडक झालेली असते, ती फुटेल. वाटीत गार पाणी घ्या, निब बुडेल एवढंच, आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाण्यात निळा धागा उतरलेला दिसेल. पाणी बदला, पुन्हा ठेवा. पाणी स्वच्छ राहू लागलं की निब दौतीत बुडवा आणि आजोबांचं नाव लिहून पाहा.