पोकळीचा आकडा येतो कुठून?

आजचा भाग अंजनगाव सुर्जीहून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मधेच ट्रॅक्टर गेला तर सांभाळून घ्या.

मागे एकदा लायगो-इंडियाचं नाव निघालं होतं. आपल्याकडून अकोला, वाशिम, हिंगोली असं खाली उतरत गेलं की औंढा नागनाथ लागतं. तिथं गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय. २०१६ मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटरची नळी, आणि आत जवळजवळ काहीच नाही. अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्यांमध्ये दाब एका टॉरच्या अब्जाव्या भागाच्या आसपास असतो. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला ७६० टॉर. त्या पोकळीतून लेसर जातो आणि वाटेत आलेले रेणू त्या प्रकाशात किंचित गडबड करतात. म्हणून आत किती उरलंय हे कळायलाच हवं.

एका श्रोत्यानं विचारलं, "आत काही नाहीच, तर मोजता काय?" बाप्पा, प्रश्न बरोबर आहे. पण एवढ्या पोकळीतही एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ३ कोटी रेणू असतात. त्यांचा धक्का इतका क्षीण की साध्या गेजचा पडदा हलतच नाही. मग रेणूंना विद्युतभार द्यायचा आणि तो मोजायचा. हॉट फिलामेंट आयनायझेशन गेज हेच करतो.

तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. साधारण १८० व्होल्टवरची जाळी त्यांना ओढते. वाटेत एखाद्या रेणूला धडक बसली की त्याचा आयन होतो, आणि तो मधल्या बारीक तारेवर, म्हणजे कलेक्टरवर, जाऊन पडतो. हिशोब सोपा आहे: आयनांचा करंट म्हणजे गेजची संवेदनशीलता गुणिले इलेक्ट्रॉनांचा करंट गुणिले दाब. संवेदनशीलता दर टॉरला १० धरा, इलेक्ट्रॉनांचा करंट ४ मिलिॲम्पियर. अब्जांश टॉरला हाती येतात ४० पिकोॲम्पियर. दहा कोटी इलेक्ट्रॉन सुटतात तेव्हा एक आयन मिळतो!

म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो दाब थेट मोजलेला नसतो, भागाकार करून काढलेला असतो. करंट तेवढा मोजलेला. बाकीचे आकडे आपण गृहीत धरलेले. अचूकता टिकवायची म्हणजे ती गृहीतकं खरी ठेवायची.

पहिलं गृहीतक, इलेक्ट्रॉनांचा करंट स्थिर आहे. त्यासाठी कंट्रोलर सतत तो करंट बघून तार कमी-जास्त तापवतो.

दुसरं म्हणजे वायू कोणता. बाजार समितीत सोयाबीनचा ओलावा बघतात ना? मीटर गव्हावर लावून सोयाबीन टाकलं तर आकडा येतोच, पण चुकीचा. कास्तकाराचे पैसे त्या आकड्यावर कटतात. गेजचंही तसंच. तो सहसा नायट्रोजनवर लावलेला असतो. हायड्रोजनला तो निम्म्याहून थोडा कमी प्रतिसाद देतो, हेलियमला पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आणि स्टीलच्या चांगल्या पोकळीत शेवटी उरतो बहुतेक हायड्रोजनच. म्हणजे स्क्रीनवर एक दिसतं तेव्हा आत दोनाहून जास्त असतं.

तिसरी भानगड मला सगळ्यात आवडते. १९५० च्या आधीचे गेज टॉरच्या दहा कोटीव्या भागाशी येऊन अडकायचे. पंप कितीही चालवा, आकडा हलेना. पंप तर काम करत होता. जाळीवर आपटणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे मृदू क्ष-किरण निघायचे, ते बाहेरच्या मोठ्या कलेक्टरवर पडून तिथून इलेक्ट्रॉन उडवायचे. मीटरला इलेक्ट्रॉन गेला काय नि आयन आला काय, सारखंच! बेयार्ड आणि आल्पर्ट यांनी रचनाच उलटी केली: फिलामेंट जाळीबाहेर, कलेक्टर आत, तोही केसासारखा बारीक. क्ष-किरणांना पडायला जागाच उरली नाही. मर्यादा शंभरेक पटींनी खाली गेली.

शिवाय गेज स्वतःच पोकळी बिघडवतो. गरम तारेनं आसपासच्या भिंती तापतात, त्यातून वायू सुटतो. म्हणून मोजण्याआधी जाळी तापवून साफ करतात, त्याला डीगॅस म्हणतात. कालांतरानं तार वाकते, इलेक्ट्रॉनांची वाट बदलते, संवेदनशीलता सरकते. हे सरकणं कंट्रोलरला दिसत नाही, कारण त्याच्या मते करंट ठीकच असतो.

म्हणून सॉफ्टवेअरवाला म्हणून माझं ठाम मत आहे की लॉगमध्ये नुसता दाब साठवू नये. कलेक्टरचा करंट, इलेक्ट्रॉनांचा करंट, वापरलेला वायू-गुणक, डीगॅस चालू होतं की बंद, हे सगळं ठेवावं. उद्या गुणक बदलला तर जुना दाब पुन्हा काढता येतो. नुसता दाब ठेवला तर काय भागलं होतं हेच कळत नाही.

तार सरकली का हे पाहायला गेज कॅलिब्रेशनला पाठवतात. तिथं तुलनेसाठी एक भारी उपकरण वापरतात: चुंबकानं अधांतरी धरलेली छोटी पोलादी गोळी फिरवायची आणि वायूमुळे ती किती मंदावते ते बघायचं. ती गोळी टॉरच्या साधारण एक कोटीव्या भागापर्यंत साथ देते. औंढ्यासारख्या नळीतली पोकळी त्याच्याही शंभर पट खाली असते. तिथं नुसत्या गोळीवर भागत नाही, गेजचा करंट दाबाच्या प्रमाणातच घटतो यावर भिस्त ठेवावी लागते.

पुढच्या भागात कोल्ड कॅथोड गेज घेऊ, ज्यात फिलामेंटच नसतं. भेटूया.