साहेब आले कधी, गेले कधी?

आम्ही मढच्या बचत गटातल्या. आवणी उरकली, अंगातली कणकण अजून जायची आहे, तरी आम्ही पाचजणी आज रेडिओवर आलोय. बोलणारी एक असली तरी बोलणं पाचजणींचं आहे. भांडणही पाचजणींचंच, कारण या विषयावर आमच्यात एकमत झालेलं नाही.

विषय असा. आरोग्य खात्याच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर कोण बसणार हे कोण ठरवतं, आणि त्यावर आपण बायांनी बोलायचं की नाही? तुम्ही म्हणाल, मुंबईतल्या खुर्चीशी आपल्याला काय करायचंय? आम्हीही आधी तसंच म्हणायचो.

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एकीची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, दुसऱ्या तालुक्यात. रात्री कळा सुरू झाल्या. जीप मिळवून दवाखान्यात पोहोचेपर्यंत एक वाजला. बाहेरचा दिवा चालू, आत फक्त एक शिपाई. डॉक्टर नाहीत. नर्सबाई दिवसभर लसीकरणाला वाड्यावस्त्या फिरून आलेल्या, आणि त्यांची खोली गळत होती म्हणून त्या गावात राहायला गेलेल्या. कुणीतरी १०८ ला फोन केला. गाडी आली, आणि मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच मुलगी झाली. गाडीतल्या डॉक्टरांनी नीट केलं सगळं. आज ती मुलगी अंगणवाडीत जाते, भारी बडबडी आहे. दवाखान्याचं नाव आम्ही घेत नाही. पण त्या रात्री तिची सासू इकडे मढला फोन कानाला लावून ओट्यावर बसली होती. बिबट्याच्या भीतीने आम्ही अंधार पडल्यावर दार उघडत नाही, त्या रात्री मात्र चार घरच्या बाया तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

म्हणून २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस पेपरात बातमी आली, की तुकाराम मुंढे यांची राज्याचे आरोग्य सेवा आयुक्त आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे संचालक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा आमच्या गटात ती मोठ्याने वाचली गेली. हे साहेब बीड जिल्ह्यातल्या ताडसोना गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. नाव आधीच गाजलेलं. कुणी म्हणे कडक, कुणी म्हणे हेकट. नवी मुंबईत आयुक्त असताना २०१६ साली तिथल्या नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला होता. आपल्या पुण्यात पीएमपीच्या बसगाड्यांचा कारभार त्यांच्याकडे होता, तिथेही गाजले. वीस वर्षांच्या नोकरीत वीसहून जास्त बदल्या. एवढ्या वेळा तर आमच्याकडची म्हैसही दावणीला बदलली जात नाही, असं आमच्यातली एक म्हणाली. हसू नका, साहेबांची थट्टा नाही ही.

आल्या आल्या त्यांनी कामाला हात घातला. डॉक्टरांनी नेमणुकीच्या गावी राहायला पाहिजे, अधिकाऱ्यांनी रात्री अचानक जाऊन दवाखाने तपासायचे, असे आदेश निघाल्याच्या बातम्या आल्या. आम्हाला वाटलं, आता रात्री दार उघडं सापडेल. त्याच दिवसांत, २६ सप्टेंबरला, नवरात्रात, ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम राज्यभर सुरू झाली होती. अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायांची तपासणी. आमच्यातल्या तिघींना रक्त कमी आहे हे तेव्हाच कळलं. एकीला बीपी निघाला, ती आजही गोळी घेते.

आणि नोव्हेंबर संपता संपता दुसरी बातमी. मुंढे यांची बदली. दोन महिनेच झाले होते. खात्याचे मंत्री तानाजी सावंत यांच्याशी त्यांचं जमत नव्हतं, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक. बदलीच्या आदेशात कारण लिहिलेलं नसतं. त्याच नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवराची साथ होती, लेकरं दगावत होती. अशा वेळी खात्याचा वरचा माणूस बदलला गेला.

पेपरांत, टीव्हीवर खूप वाद झाला. चांगल्या अधिकाऱ्याला टिकू देत नाहीत, असं एका बाजूचं. हा माणूस कुणाशीच जुळवून घेत नाही, असं दुसऱ्या बाजूचं. आमच्या गटातही तेच. आता खरं भांडण सांगतो.

जिच्या सुनेची गोष्ट सांगितली, ती काकी म्हणाली, “दोन महिने का होईना, कुणीतरी रात्री दार वाजवायला निघाला होता. त्याला काढला.” तिचं तेवढंच म्हणणं, आणि ते खोडायला आमच्याकडे काही नव्हतं.

पण आमच्यात एक वहिनी आहे, तिची लेक कंत्राटी नर्स आहे. ती उसळली. म्हणाली, “रात्री तपासायला आलेला साहेब कुणाला बोलतो? जी हजर असते तिलाच. जी जागा रिकामी आहे तिला कोण बोलणार? माझी पोरगी दोघींचं काम करते. राहायची खोली गळती, पाणी नाही, रात्री बाथरूमला जायचं तर बॅटरी घेऊन जायचं, बाहेर बिबट्या. आधी खोली द्या, मग तपासा.” हेही खोडता येईना.

आपल्या डोंगरी, आदिवासी भागाला नियम असा आहे, की २० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांना एक उपकेंद्र. सपाटीला ते ३० हजार आणि ५ हजार. आपल्याला जास्त दिलेत, कारण आपल्या वाड्या लांब लांब. धरणाच्या या कडेवरून त्या कडेला समोर दिवा दिसतो, पण जायला वळसा केवढा पडतो ते आपल्याला माहीत आहे. इमारत नियमात बसते हो. माणूस तिच्यात राहतो का, हा प्रश्न आहे. आणि तो एका कडक साहेबाने दोन महिन्यांत सुटतो असं आम्हाला वाटत नाही. पण दोन महिन्यांत तो साहेब बरा की वाईट हेही कळत नाही. भात लावल्यावर दोन महिन्यांत कापायला कोण जातं?

बदल्यांचा कायदा आहे महाराष्ट्रात, २००५ चा. सरकारी माणसाला एका जागी साधारण तीन वर्षं ठेवायचं, असं त्यात आहे. मोठ्या साहेबांचे नियम वेगळे, पण त्यांनाही ठरावीक मुदत असावी असं सुप्रीम कोर्टाने २०१३ साली सांगितलं. मुदतीआधी हलवायचं तर कारण कागदावर यावं. आमचं म्हणणं एवढंच, की ते कारण आम्हाला पण कळावं. नेमणूक पेपरातून कळली, बदलीही पेपरातून.

आता जरा लांबचं सांगतो. आमच्यातल्या एकीचा मुलगा पुण्याला शिकतो, त्याने मोबाइलवर दाखवलं. अमेरिकेत तिथल्या अध्यक्षांनी, ट्रम्प यांनी, २०२४ च्या नोव्हेंबरात आरोग्यमंत्रीपदासाठी रॉबर्ट केनेडी यांचं नाव जाहीर केलं. हे गृहस्थ वकील, मोठ्या घराण्यातले, आणि लसींवर वर्षानुवर्षं शंका घेणारे. तिथे नुसतं नाव जाहीर करून भागत नाही. वरच्या सभागृहाने, सिनेटने, मान्यता द्यावी लागते. त्याआधी त्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारतात आणि ते सगळ्या देशाला दिसतं. २०२५ च्या जानेवारीत २९ आणि ३० तारखेला असं झालं. सत्तरहून जास्त नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांनी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. त्यांच्या चुलतबहिणीनेसुद्धा विरोधात पत्र लिहिलं! भावकी सगळीकडे सारखीच, असं आम्हाला वाटून गेलं.

त्यांना सामोआ बेटाबद्दल विचारलं गेलं. तिथे २०१८ साली नर्सच्या हातून लस चुकीच्या औषधात कालवली गेली, दोन बाळं गेली. लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला. २०१९ च्या जूनमध्ये केनेडी तिथे गेले होते. आपल्या जाण्याचा लसीशी संबंध नव्हता असं ते म्हणतात. त्या वर्षाअखेर तिथे गोवर पसरला आणि ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली लेकरं. ऐकून आम्ही गप्प झालो. आपल्याकडेही सुई दिल्यावर ताप येतो म्हणून पोराला लपवणाऱ्या सासवा आहेत, आणि त्यांना समजवायला आपली आशाताईच जाते.

एवढे प्रश्न विचारून झालं काय? १३ फेब्रुवारीला ५२ विरुद्ध ४८ मतांनी ते मंत्री झालेच. बिल कॅसिडी नावाचे एक सभासद स्वतः डॉक्टर, ते आधी कां-कूं करत होते. लसींच्या सल्लागार समितीच्या शिफारशी तशाच ठेवू असा शब्द मिळाला, असं सांगून त्यांनी बाजूने मत दिलं. जूनमध्ये केनेडींनी त्या समितीच्या सगळ्या १७ सभासदांना काढून टाकलं. म्हणजे विचारलं तरी सगळं नीट होतंच असं नाही. पण दिलेला शब्द सगळ्यांनी ऐकलेला असला, की मोडल्यावर बोट ठेवता येतं.

आपल्या पुण्याने तर याहून वाईट पाहिलंय. १८९७ च्या प्लेगात इंग्रज सरकारने रँड साहेबाला प्लेग कमिटीचा प्रमुख केला. हा वाईच्या वाद्यांच्या खटल्यात प्रतिष्ठित लोकांना तुरुंगात घालणारा म्हणून आधीच नावाजलेला. गोरे सोल्जर घराघरांत शिरले, बायांची तपासणी परक्या पुरुषांनी केली. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या बायांच्या हालांवर पेपरात पत्र लिहिलं. पुढे जूनमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. रँडच्या नावावर तेव्हा पुण्याच्या कुणाला विचारलं नव्हतं.

आता आमच्या काकीने एक गोष्ट काढली, त्यावर आमचं सगळ्यांचं पटलं. आरोग्य खात्यातली सगळ्यात खालची बाई कोण? आशाताई. तिची निवड कशी होते? ग्रामसभेत. गावातलीच पाहिजे, लग्न झालेली किंवा विधवा किंवा सोडलेली, शक्यतो २५ ते ४५ वयाची, शिकलेली. आमच्याकडे निवड झाली तेव्हा काय कमी वाद झाला? ही ठाकरवाडीत रात्री जाईल का? हिचा नवरा पाठवील का? हिला वही भरता येईल का? एकीची जाऊबाईच उठून म्हणाली, ही घरातलं ऐकत नाही तर डॉक्टरचं काय ऐकणार! ती बिचारी सगळ्यांसमोर उभी राहून उत्तरं देत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. पुढे तीच निवडली गेली आणि चांगलं काम करते.

म्हणजे महिन्याला थोडक्या मानधनावर राबणाऱ्या बाईला अख्ख्या गावासमोर परीक्षा, आणि ज्यांच्या एका सहीवर साऱ्या जिल्ह्यांचे दवाखाने चालतात त्यांना आपल्यापैकी कुणी काही विचारायचं नाही. मुंढेंना कुणी विचारलं नाही, त्यांच्या आधीच्यांना नाही, नंतरच्यांनाही नाही. वहिनी म्हणाली, विचारलं असतं तर मी खोलीचंच विचारलं असतं.

तर आम्ही असं ठरवलंय. मुंबईला आपला हात पोहोचत नाही, मढच्या ग्रामसभेत पोहोचतो. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत बायाही सभासद असतात. बऱ्याच जणींना आपण सभासद आहोत हेच माहीत नसतं, सही तेवढी घेतलेली असते. आमच्यातल्या दोघी तशाच निघाल्या! तर येत्या ग्रामसभेत आम्ही कागद देणार. त्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारल्यात. आपल्या केंद्रात आणि उपकेंद्रांत किती जागा मंजूर आहेत आणि त्यातल्या आज किती भरलेल्या आहेत. नर्सबाईंच्या खोल्या दुरुस्त कधी होणार, त्यांना पाणी कधी मिळणार. आणि रात्री कुणाची पाळी आहे ते नाव आणि फोन नंबर दवाखान्याच्या दारावर रोज लिहिणार का. काकीला चौथा प्रश्न घालायचा होता, मुंढेसाहेबांना का काढलं. तो तालुक्याला विचारून उपयोग नाही असं आम्ही म्हटलं. ती म्हणाली, असू दे, लिहा तरी. म्हणून तोही लिहिलाय, सगळ्यात खाली.

सरपंचांनी कागद ग्रामसभेआधी आणून द्या म्हटलंय, म्हणजे विषयपत्रिकेवर येईल. वहिनीच्या लेकीने सुवाच्य अक्षरात लिहून दिलाय. सह्या आणि अंगठे मिळून सदतीस झालेत. तुमच्या गावासाठी नक्कल हवी असेल तर आठवडे बाजाराच्या दिवशी आमच्यातली कुणीही भेटली की मागा, झेरॉक्सचे दोन रुपये तेवढे आणा.