एकट्या पालकाचा संसार व गहाणाची फेड
(एकट्या पालकांच्या मेळाव्यांत दिलेलें भाषण)



येथें जमलेल्यांत बहुतेक बाया आहेत. कोणाचा धनी वारला, कोणाला नवऱ्यानें टाकलें. मागें दोनतीन बापे बसले आहेत, त्यांच्या घरीं पोरें आहेत व पोरांची आई नाहीं. तुम्हां सर्वांची गत एकच : मिळविणारे हात दोन, खाणारीं तोंडें तीनचार, आणि वर घर किंवा शेत गहाण. धीर धरा, सोसा, असें सांगणारीं माणसें तुम्हांस पुष्कळ भेटलीं असतील. आम्हांस तें सांगावयाचें नाहीं. आम्हांस हिशेबाविषयीं बोलावयाचें आहे.

घरांतला कर्ता माणूस गेला म्हणजे पहिल्या पंधरवड्यांत काय होतें तें आम्ही गांवोगांव पाहात आलों आहों. दीर येतो, चुलते येतात, ट्रंक उघडली जाते, आणि "तुला ह्यांतलें काय कळणार? आम्ही बघतों" असें म्हणून कागदांची पिशवी दुसऱ्या घरीं जाते. सगळ्यांचाच हेतु वाईट असतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण पिशवी एकदां गेली कीं हप्ता किती, बाकी किती, हें त्या बाईला जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागतें. म्हणून दिराला कागद दाखवावे, हवी तर झेरॉक्स द्यावी, पण मूळ कागद आपल्या ट्रंकेंत, आपल्या कुलपाखालीं असावे.

मग बँकेंत जावें, आणि पहिला प्रश्न बाकीचा नव्हे, विम्याचा विचारावा. घरासाठीं कर्ज देतांना पुष्कळ ठिकाणीं कर्जदाराच्या आयुष्याचा विमा उतरवितात व त्याचा हप्ता कर्जांतूनच कापून घेतात. असा विमा असला तर राहिलेलें कर्ज, किंवा त्यांतला मोठा भाग, विमा कंपनीनें भरावयाचा असतो. पण मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाहीं. बाई पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरीत राहते आणि विम्याचा कागद तिच्याच ट्रंकेंत पडून असतो.

दुसरा प्रश्न सहीचा. कर्ज एकट्या नवऱ्याच्या नांवावर असेल, तर तें वारसांवर येतें तें त्याच्या मागें राहिलेल्या मिळकतीपुरतें. घर गहाण असेल तर बोजा घराबरोबर चालतो, हें खरें. पण बाईनें स्वतःच्या कष्टानें मिळविलेली मजुरी किंवा तिचें माहेरचें सोनें त्या कर्जाला बांधलेलें नसतें. तिनें सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असली तर मात्र गोष्ट निराळी. मग सगळें देणें तिचेंच. म्हणून आपली सही कोठें आहे तें आधीं पाहावें. आणि दहाव्याच्या दिवशीं कोणी येऊन "तुझ्या धन्यानें माझ्याकडून चाळीस हजार हातउसने घेतले होते" असें म्हणाला, तर त्याला लेखी काय आहे तें विचारावें. डोळ्यांतलें पाणी वाळण्याआधीं नव्या कागदावर आपल्या नांवानें सही किंवा अंगठा देऊं नये. जुनें देणें मिळकतीपुरतें होतें. नव्या सहीनें तें तुमच्या अंगावर येतें.

दिवसकार्याचेंही येथेंच बोलून घेतों. तेराव्याला गांवजेवण घालण्यासाठीं शेंकडा तीन रुपये महिना दरानें पैसे काढलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. पन्नास हजारांवर महिन्याला दीड हजार नुसतें व्याज. पंगत एका दुपारीं उठते, व्याज वर्षभरांत अठरा हजार होतें, आणि मुद्दल पन्नास हजारच राहतें. जेवून गेलेल्यांपैकीं एकही त्यांतला रुपया देत नाहीं. पोरांचा बाप गेला म्हणून पोरांचें छप्परही जावें, असें मेलेल्या माणसाला वाटत असेल काय?

आतां गहाणाचा हिशेब. हा नीट ऐका, कारण आजचें आमचें मुख्य सांगणें ह्यांतच आहे.

समजा, एका सुतारानें घर बांधावयास पांच लाख रुपये काढले. व्याज दरसाल दरशेंकडा ९, मुदत १५ वर्षें. मासिक हप्ता ५,०७१ रुपये होतो. पहिल्या महिन्याच्या ह्या ५,०७१ रुपयांपैकीं ३,७५० व्याजांत जातात आणि मुद्दलांत अवघे १,३२१. वर्षभरांत ६०,८५६ रुपये भरले जातात आणि कर्ज कमी होतें तें साडेसोळा हजारांनीं. बाई वर्षाअखेर खात्याचा उतारा पाहते आणि तिला वाटतें आपल्याला लुटलें. लुटलेलें नसतें. आरंभीं बाकी मोठी म्हणून व्याज मोठें. बाकी जसजशी उतरते तसतसा त्याच हप्त्यांत मुद्दलाचा वाटा वाढत जातो. मुदत पुरी होईपर्यंत एकंदर भरणा मात्र नऊ लाख बारा हजारांच्या वर जातो.

ह्यांतून एक गोष्ट निघते, ती कोणी समजावून सांगत नाहीं. आरंभीं भरलेला जादा रुपया शेवटीं भरलेल्या रुपयाच्या दुप्पट काम करतो. ह्याच कर्जांत पहिल्या वर्षाअखेर कोणीं नेहमींच्या हप्त्याशिवाय दहा हजार रुपये मुद्दलांत भरले, तर शेवटचे जवळजवळ पावणेसात हप्ते, म्हणजे चौतीस हजारांच्या आसपास रक्कम, भरावी लागत नाहीं. तेच दहा हजार दहाव्या वर्षाअखेर भरले तर तीनच हप्ते वाचतात. आणि पहिल्यापासून दरमहा पांचशेंच रुपये जादा टाकले तर १८० महिन्यांचें कर्ज १५० महिन्यांत फिटतें, सुमारें ७९ हजार रुपये व्याज वाचतें. पांचशें रुपये ही लहान रक्कम आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. शिवणकाम करणाऱ्या बाईला ती किती झंपर शिवून मिळते तें आम्हांस ठाऊक आहे. पण जो महिना बरा गेला त्या महिन्यांतली ती रक्कम कोठें टाकावी, एवढें तिला कळलें पाहिजे.

जादा पैसे भरतांना बँकेचा माणूस विचारतो, हप्ता कमी करूं कीं मुदत? आमचें मत मुदत कमी करावी असें आहे, आणि तसें लेखी द्यावें. ज्याची मिळकत अगदींच डळमळीत आहे त्यानें हप्ता कमी करून घेतला तर आम्ही त्याला दोष देणार नाहीं. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधीं पैसे भरल्याबद्दल बँकेस व्यक्तीकडून दंड घेतां येत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २०१२ पासूनच हा नियम बँकांना लावला आहे. पतसंस्थांचे नियम निराळे असतात, तेथें भरण्याआधीं विचारावें. तसेंच दर वाढला म्हणजे हप्ता तोच ठेवून मुदत गुपचुप लांबविण्याची रीत होती. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणें कर्जदाराला तें कळवून, हप्ता वाढवावा कीं मुदत, हें त्याला निवडूं दिलें पाहिजे. म्हणून वर्षांतून एकदां तरी "किती हप्ते राहिले" हें विचारून वहींत लिहावें. गेल्या वर्षीं १४० राहिले होते आणि यंदा १३५ राहिले असें निघालें, तर बारा हप्त्यांपैकीं सात कोठें गेले तें तेथल्या तेथें विचारावें.

"फ्लॅट" व्याजापासून सावध राहावें. एक लाख रुपये तीन वर्षांसाठीं बारा टक्के फ्लॅट, असें कोणी म्हणाला तर ऐकावयास स्वस्त वाटतें. त्यांत छत्तीस हजार व्याज आरंभींच्याच पुऱ्या लाखावर लावलेलें असतें, तुम्ही दरमहा मुद्दल फेडीत असलां तरी. घटत्या बाकीच्या रीतीनें मोजलें तर तें व्याज वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर पडतें. गाडी, शिलाईयंत्र, मोबाईल, ह्यांच्या कर्जांत हा घोळ फार.

आतां कोणी विचारील, घराचें गहाण आधीं फेडावें कीं सावकाराचें? घराच्या गहाणाची भीति मोठी वाटते, म्हणून बाया तेथें जादा भरतात आणि शेंकडा तीन रुपये महिन्याचें देणें तसेंच ठेवतात. हें उलटें आहे. नऊ टक्क्यांचें कर्ज हप्त्यानें चालूं द्यावें, एकही हप्ता चुकवूं नये, आणि जादा रुपया असेल तो छत्तीस टक्क्यांच्या देण्यावर घालावा. तें संपल्यावर घराकडे वळावें.

त्याच्याही आधीं, तीन हप्त्यांइतकी रक्कम निराळ्या खात्यांत बाजूस ठेवावी. दोघें असतात त्या घरांत एक आजारी पडला तर दुसरा मिळवितो. तुमच्या घरांत तुम्हांला पंधरा दिवस ताप आला कीं मिळकत बंद. तीन हप्ते थकले म्हणजे, नव्वद दिवसांनीं, बँक खातें थकीत धरते, आणि पुढें २००२ च्या कायद्याप्रमाणें साठ दिवसांची नोटीस येते. त्या कायद्यानें शेतजमिनीला हात लावतां येत नाहीं, घराला येतो. हप्ता चुकणार असें दिसलें तर चुकण्याआधीं बँकेंत जाऊन लेखी सांगावें. मुदत वाढवून हप्ता उतरविण्याची वाट तेव्हां असते, नोटीस आल्यावर ती अवघड होते. आणि मिळविणारी एकटी असल्यामुळें तिच्या स्वतःच्या जिवाचा विमा हवा. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जो सरकारी जीवनज्योती विमा बँकेच्या खात्यावर मिळतो, तो पन्नाशीच्या आंत घेतां येतो. संजय गांधी निराधार योजना व मुलांसाठीं बालसंगोपन योजना ह्यांचे अर्ज करण्यांत कमीपणा मानूं नये.

शेतकऱ्याची अडचण आणखी एक आहे. बँक महिन्यानें मोजते आणि शेत सुगीनें मोजतें. आमचे वाडवडील बलुतें खळ्यावर एकदांच देत, वर्षाचा हिशेब तेथेंच पुरा होई. आज सोयाबीन विकून एकदम साठ हजार हातांत येतात, दिवाळी होते, आहेर होतात, आणि माघांत हप्त्याला पैसे नसतात. म्हणून माल विकला त्याच आठवड्यांत पुढच्या सुगीपर्यंतचे हप्ते मोजून हप्त्याच्या खात्यांत टाकावे, आणि उरेल तेवढ्यालाच आपली मिळकत समजावें. कारागिराचें उलट आहे. त्याच्या हातीं आठवड्याच्या बाजाराला थोडें थोडें येतें, त्यानें बाजाराच्या दिवशींच हप्त्याचा चौथा हिस्सा वेगळा काढावा. घरखर्चाची वही साधी असूं द्या. पण तींत भिशी, बचतगटाचा हप्ता, मोबाईलचें रिचार्ज आणि लग्नांतले आहेर हेही लिहा. वाणसामानावर काटकसर करून दमलेल्या बाईला खरी गळती ह्या चार ठिकाणीं सांपडते. शाळेच्या खर्चाला कात्री लावून गहाण फेडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. मोठ्या मुलीला शाळेंतून काढून कामाला लावलें कीं कर्ज दोन वर्षें आधीं फिटतें. पण त्या मुलीचीं गेलेलीं वर्षें कोणत्या खात्यांत जमा करणार?

जमीन सावकाराकडे ठेवण्याची पाळी आली तर कागदाचें नांव वाचावें. नजरगहाण असेल तर ताबा तुमचा राहतो. ताबेगहाण असेल तर पीक तो घेतो. पण खरेदीखत लिहून घेऊन "पैसे दिलेस कीं परत करीन" असें तोंडीं सांगितलें, तर तें गहाण नव्हे. परत देण्याची अट त्याच दस्तांत लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानीत नाहीं. १९२९ पासून तसें आहे. अशा रीतीनें जमीन गेलीच असेल आणि घेणारा बेकायदा सावकारी करणारा असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करतां येतो. त्याच कायद्यानें चक्रवाढ व्याजाला बंदी आहे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. अज्ञान मुलांच्या स्वतःच्या नांवची मिळकत मात्र आईबापांनाही न्यायालयाच्या परवानगीवांचून गहाण टाकतां येत नाहीं, हें लक्षांत असूं द्या.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं शेतकरी उठले, तेव्हां त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते जाळले गेले. पुढें १८७९ च्या कायद्यानें न्यायालयांना रोख्याच्या मागें जाऊन मूळ देणेंघेणें तपासण्याचा अधिकार मिळाला. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यांतही न वाचतां आलेल्या कागदानें शेतकरी कसा बुडतो हें आहे. आज रोखे जाळून भागत नाहीं, नोंद यंत्रांत असते. ती वाचावी लागते.

म्हणून शेवटचा हप्ता भरला त्या दिवशीं घरीं येऊन स्वस्थ बसूं नये. देणें नसल्याचा दाखला मागावा. बँकेनें मूळ कागद तीस दिवसांच्या आंत परत दिले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून, तिच्या चुकीनें उशीर झाला तर दर दिवसाला पांच हजार रुपये तिला द्यावे लागतात. तो दाखला घेऊन तलाठ्याकडे जावें व बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. वारसनोंद राहिली असेल तर तीही करावी. १९५६ च्या कायद्याप्रमाणें धन्याच्या हिश्शांत त्याची विधवा, मुलगे, मुली व आई ह्यांचा वांटा सारखा आहे, सासूचें नांव गाळूं नये. मग नवा उतारा काढावा, आणि इतर हक्कांच्या रकान्यांत बँकेचें नांव उरलें आहे कीं नाहीं तें स्वतः वाचावें. अक्षर लागत नसेल तर मुलीला मोठ्यानें वाचावयास सांगावें.