सोडून दिलेल्या मोटारी



आमचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. पंधराव्या वर्षी एका गॅरेजात पाने-पकडी पुसण्यापासून सुरुवात केली. पुढे गॅरेज-कामगारांच्या संघटनेत पडलो, आणि वाचले ते रात्री, काम आटोपल्यावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून करू नये. आजचा विषय साधा आहे. वाड्याच्या बोळात किंवा चाळीच्या अंगणात एखादी जुनी मोटार वर्षानुवर्षे उभी असते. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, मागल्या सीटवर मांजराची पिले. ही मोटार दुरुस्त करावी की भंगारात द्यावी, असे लोक आम्हांला नेहमी विचारतात.

आम्ही उदाहरण घेतो ते आमच्या हाताखालून गेलेल्या गाडीचे, म्हणजे कुर्ल्याच्या फियाटचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना 1944 सालची. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन कुर्ल्याला 1100 गाडी बनू लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, म्हणून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. त्या दिवशी कित्येकांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. बनवणारे हात आणि चालवणारे हात मात्र त्या फोटोंत फारसे दिसले नाहीत.

आता मूळ प्रश्न. लोक आधी बॉनेट उघडतात. आम्ही आधी दार उघडतो. इंजिन बंद पडले म्हणून गाडी मेली असे होत नाही. 1089 सी.सी.चे, चार सिलिंडरचे ते सरळ यंत्र आहे. सिलिंडर झिजले तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात. गाडीचे मरण असते ते पत्र्यात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पट्टे, खांब आणि छप्पर यांचा मिळूनच सांगाडा होतो. दाराखालचा पट्टा आतून सडला की गाडी मधोमध खचते आणि दार नीट लागेनासे होते. म्हणून दार लावून पाहावे, पायाखालचे रबर उचलून तळाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा, आणि अंगावरून लोहचुंबक फिरवावा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, रंगाखाली लांबी भरलेली आहे, असे समजावे. आणि एक विनंती. उत्साहाच्या भरात लगेच बॅटरी लावून चावी फिरवू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग इंजिन हाताने फिरवून पाहा. जुने पेट्रोल काढून टाका, आणि ब्रेक खोलून तपासल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर नेऊ नका.

एकदा एका वृद्ध टॅक्सीवाल्याने आम्हांला आपली गाडी दाखवायला नेले. याच गाडीवर त्यांनी दोन मुली उजवल्या होत्या. आम्ही रबर उचलले तर खाली फरशी दिसली. खोटी आशा लावणे आमच्या जिवावर आले. म्हटले, "काका, ही उठणार नाही, पण हिच्यामुळे दुसरी उठेल." ते बराच वेळ गप्प राहिले. मग स्वतःच पाना घेऊन आले आणि पहिले दार त्यांनीच उतरवले. त्या गाडीची दारे, काचा आणि गिअरबॉक्स दुसऱ्या एका गाडीला लागले.

त्या दुसऱ्या गाडीचा तळ शाबूत होता. काम घेतले होते कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका पत्र्याच्या मिस्त्रीने. हातोडी आणि ठोकळा घेऊन, सपाट पत्र्यातून त्याने मडगार्डाचा कोपरा अकरा दिवसांत घडवला. मालकाने चकचकीत बंपर आणि आरसे यांचे पैसे हौसेने मोजले. मिस्त्रीच्या मजुरीची वेळ आली तेव्हा मात्र ते म्हणाले, "इतके कसे? नुसते ठोकायचे तर काम!" आम्ही मध्ये पडलो, आणि मजुरी पुरी मिळाली. पण ते वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही.

आता हिशेब. दुरुस्तीचा खर्च गाडी विकून निघेल, या भरवशावर काम काढू नये. बहुधा तो निघत नाही. कागदही पाहावेत. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यावी, रोज बाजारहाटाला नव्हे. त्याहून लहान वयाच्या गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी आणि पुनर्नोंदणी चुकत नाही. आणि मोडीत काढायची तर मान्यताप्राप्त केंद्रातच द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या, म्हणजे मागाहून झंझट नको.

कुणी म्हणेल, कामगार चळवळीतला माणूस श्रीमंतांच्या हौसेची वकिली का करतो? जुनी गाडी धूर अधिक सोडते, अपघातात नव्या गाडीइतके रक्षणही करत नाही, हे आम्हांला मान्य आहे. रोजच्या वापराला ती घ्या, असे आम्ही म्हणतच नाही. पण आजच्या गॅरेजात जुना भाग काढून नवा लावतात. पत्र्याला हाताने आकार देण्याची विद्या पुस्तकात नाही. ती त्या मिस्त्रीच्या मनगटात आहे, आणि त्याचे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे. त्याच्याजवळ उभे राहून शिकणारा पोरगा नसेल, तर गाडी वाचूनही विद्या बुडालीच.

म्हणून आमचे उत्तर असे: तळ शाबूत असेल, कागद असतील आणि घडवणारा हात मिळत असेल तर गाडी अवश्य उभी करा. नसेल तर तिचे भाग दुसरीला द्या, त्यात कमीपणा नाही. पण उभी कराल तेव्हा मिस्त्रीशेजारी एक शिकाऊ पोरगा ठेवण्याचा आग्रह धरा, आणि मजुरी दोघांनाही पुरी द्या.