एसी, डीसी आणि नेमके इंग्रजी

(भाषणाचा मजकूर)



बारामती व इंदापूर तालुक्यांतील आपली कितीतरी मुले दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाकडे वळतात. पाण्याची मोटार उघडून पुन्हा जोडणारा मुलगा इंग्रजीत जर्नल लिहिताना मात्र अडखळतो. मी भाषेचा शिक्षक आहे. म्हणून आज विजेविषयीच्या इंग्रजी लेखनाबद्दल चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. एसी ही ‘ऑल्टरनेटिंग करंट’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत. मराठीत आपण प्रत्यावर्ती धारा म्हणतो, उर्दूत मुतबादिल रौ. करंट, धारा, रौ, अर्थ एकच. म्हणजे ‘एसी करंट’ लिहिले की करंट दोनदा आला. ‘शब-ए-बरातची रात्र’ किंवा ‘पिवळा पीतांबर’ म्हणावे, तसेच हे. बोलण्यात ते खपते. लेखनात ‘ऑल्टरनेटिंग करंट’ असे पूर्ण लिहावे.

मग ‘एसी व्होल्टेज’ चुकीचे का? नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या परिभाषेत एसी हे विशेषण म्हणून मान्य आहे. त्यामुळे एसी मोटार, एसी सप्लाय, एसी व्होल्टेज हे शब्दप्रयोग चालतात.

दुसरी गोष्ट एककाची. पुष्कळ विद्यार्थी ‘२३० व्हीएसी’ असे जोडून लिहितात. बारामतीच्या बाजारात गूळ तोला की ज्वारी, किलो तोच असतो. तसाच व्होल्टही एकच. राशीचा प्रकार एककाला चिकटवू नये, असा एकक-पद्धतीचा नियम आहे. म्हणून आधी ‘एसी सप्लाय’ लिहावे, मग ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’. चिन्ह लिहिताना व्होल्टचा व्ही मोठा. हर्ट्झचा एच मोठा, झेड लहान. किलोवॉटचा के लहान, डब्ल्यू मोठा. के मोठा काढलात तर तो केल्व्हिन होतो आणि तापमान मोजू लागतो.

तिसरी गोष्ट वाक्याची. ‘प्रवाह सेकंदाला ५० वेळा दिशा बदलतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास आढळते. ५० हर्ट्झ म्हणजे ५० पूर्ण आवर्तने. प्रत्येक आवर्तनात दिशा दोनदा बदलते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. तसेच २३० हा परिणामी, म्हणजे आरएमएस आकडा आहे. शिखरावर व्होल्टेज सुमारे ३२५ पर्यंत जाते. २३० पुढे ‘मॅक्झिमम’ शब्द लिहू नये.

पालकांना वाटेल, एवढी अक्षरे मोजून काय साधणार? मुंबईची लोकल पाहा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. आज त्या मार्गावर २५,००० व्होल्ट एसी आहे. तिथे आकड्याबरोबर ही दोन अक्षरे नसतील, तर आकडा अपुरा.

आपल्या शेतातही आता सौर पंप आले आहेत. पॅनेलमधून डीसी निघते. एसी मोटार असेल तर ते एसी करून घ्यावे लागते. एसी प्रवाह दर आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला मदत होते. डीसी शून्यावर येत नाही. फक्त एसीसाठी बनविलेला स्विच पॅनेलच्या बाजूला बसवला, तर ठिणगी धुमसत राहून तो पेटू शकतो. स्विचवर छापलेली दोन अक्षरे वाचणारा कारागीर त्या घरचा जीव वाचवतो.

पालकहो, इंग्रजी येत नसले तरी मुलाचे जर्नल उघडा आणि कोणत्याही आकड्यावर बोट ठेवून विचारा, “बेटा, यापुढचे अक्षर काय सांगते?” त्याला मराठीत सांगता आले, उर्दूत सांगता आले, तर इंग्रजीतही नीट लिहिता येईल. विद्यार्थी मित्रहो, हाताचे कसब तुमच्याजवळ आहेच. त्याला नेमक्या शब्दाची जोड द्या.

खुदा हाफिज.