गिटार हातात आली की दमसास कुठे जातो?

आजचा भाग जरा घरगुती आहे. गिटार मांडीवरच आहे, त्यामुळे मध्येच एखादी तार वाजली तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले. सोसायटीच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम होता, तिथे मी त्यांचं आवडतं भावगीत गिटारवर गायलो. मला वाटलं, भारी झालं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबा म्हणाले, "छान होतं रे, पण तू गात होतास की पाण्याखाली पोहत होतास?"

लागलं ना राव! मग रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. खरंच की. दर ओळीनंतर मोठ्ठा 'हप्प' असा श्वास, आणि तरी पुढच्या ओळीचा शेवटचा शब्द गायब.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून सवयीने डीबगिंग केलं. गिटार बाजूला ठेवून गायलो, तर तीच ओळ एका दमात झाली. मग तोंड बंद ठेवून नुसती गिटार वाजवली, आणि तिथे सापडलं. सी वरून एफ कॉर्ड घेताना मी श्वासच रोखून धरत होतो! एफला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असतं ना, त्या जोरात जबडा, खांदे, पोट सगळंच आवळलं जात होतं. बोटांची मेहनत आणि भुर्दंड गळ्याला.

दुसरी भानगड बसण्याची. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, म्हणजे डायफ्राम, खाली सरकतो आणि बरगड्या बाजूला फुगतात. आता माझी ड्रेडनॉट गिटार बघा, जवळपास 12 सेंटीमीटर जाड. तिच्यावर वाकून मी डाव्या हाताची बोटं बघत बसायचो. पोट दुमडलेलं, वरून उजव्या हाताने गिटार बरगड्यांवर दाबलेली. श्वास जाणार कुठे? आपल्याकडे गवई तानपुरा उभा धरून ताठ बसतात. छाती मोकळी, आणि बोटांना कॉर्ड बदलायची कटकट नाही.

मग मी बसूनही पट्टा लावायला लागलो. गिटारची मान थोडी वर उचलली. गळपट्टीच्या वरच्या कडेला बारीक ठिपके असतात, ते बघून हात सरकवतो, त्यामुळे वाकावं लागत नाही.

आणि ते 'पोटातून गा' प्रकरण! मी ऐकून ऐकून पोट दगडासारखं कडक करायचो. उलट आहे ते. श्वास घेताना पोट सैल सोडायचं. गाताना फुगलेल्या बरगड्या एकदम पडू द्यायच्या नाहीत, पोट हळूहळू आत जाऊ द्यायचं. आणि टाकी फुल्ल करायची गरज नसते, छाती ठासून भरली की मान ताठते. रोज सकाळी जमिनीवर पाठ टेकून, पोटावर पुस्तक ठेवून 'स्स्स' करत एकसारखी हवा सोडतो. सुरुवातीला 12 सेकंदांत संपायची, आता 25 पर्यंत जाते.

खरा फरक पडला तो मात्र वहीतल्या पेन्सिलच्या खुणांनी. गाण्याचे शब्द लिहिले आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे रेघ मारली. अर्थ तुटणार नाही अशा जागी, आणि कॉर्ड बदलण्याच्या क्षणी शक्यतो नाहीच. मग डाव्या तळहाताने तारा दाबून, कॉर्डशिवाय, नुसता उजवा हात चालू ठेवला आणि शब्द तालात बोललो, मेट्रोनोम 60 वर. रेघ आली की श्वास घ्यायचा, पण हात थांबवायचा नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा! माझा हात चार दिवस प्रत्येक श्वासाला अडखळत होता. नंतर एकाच कॉर्डवर गायलो, आणि मग सगळे कॉर्ड आणले. पट्टी वर जात असेल तर कापो काढा किंवा खाली सरकवा, त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला 30 वर्षं होतायत. तेच गाणं पुन्हा गाणार आहे. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना अर्धं ऐकवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या ओळीपासून स्वतःच गुणगुणायला लागले. अंतऱ्यातला एक एफ अजून छळतोय. तिथे मी गुपचूप एफ मेजर सेव्हन वाजवतो, बोट आडवं टाकावं लागत नाही. बाबांना सांगू नका.

थांबा, तो अंतरा वाजवूनच दाखवतो…